चिन्हाचे मोल आणि कापडाची मजुरी

भिवंडीच्या यंत्रमागावर विणले जाणारे कापड निनावी असते. सूत बहुधा व्यापाऱ्याचे, माग दुसऱ्याचा, घाम तिसऱ्याचा. आणि विणाईची मजुरी ठरते ती इंचातील आडव्या धाग्यांवर, म्हणजे पिकावर, पैशांच्या हिशेबाने. हे कोरे कापड गावाबाहेर जाते, रंगते, शिवले जाते आणि त्यावर कोणाचे तरी नाव चढते. नाव चढताच किंमतही चढते. याच तालुक्यात मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांच्या शिवारात उभ्या राहिलेल्या गोदामांतून असा नाव चढलेला माल देशभर रवाना होतो. निनावी उत्पादन आणि नामांकित व्यापार यांच्यातील हे अंतर नेमके कशाचे, हे समजून घ्यायचे असेल तर आज खेळाच्या मैदानाइतकी बोलकी जागा दुसरी नाही.

जगातील सर्वांत परिचित क्रीडाचिन्हांपैकी एक म्हणजे नायके कंपनीची ती वळणदार रेघ. कॅरोलिन डेव्हिडसन या कलाशाखेच्या विद्यार्थिनीने ती १९७१ मध्ये काढली आणि त्याबद्दल तिला ३५ डॉलर मिळाले. कंपनीने पुढे, १९८३ मध्ये, तिला काही शेअर भेट दिले हे खरे. पण मुद्दा तिच्या मोबदल्याचा नाही. त्या रेघेचे आजचे मोल कागदावरच्या कारागिरीतून आलेले नाही. असंख्य खेळाडूंचे विजय आणि प्रेक्षकांची निष्ठा वर्षानुवर्षे त्या रेघेशी बांधली गेली, त्यातून ते साचत गेले. चिन्ह हे एक प्रकारचे भांडवल आहे. ते मैदानावर कमावले जाते आणि चिन्हाच्या मालकाच्या खात्यावर जमा होते.

आपल्या क्रिकेट संघाच्या छातीवरील नावांचा क्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नव्वदच्या दशकात तेथे विल्स ही सिगारेटची छाप होती. २००१ पासून २०१३ पर्यंत सहारा, त्यानंतर स्टार, २०१७ मध्ये ओप्पो, २०१९ मध्ये बायजूज आणि २०२३ मध्ये ड्रीम ११. तंबाखू, ठेवी, दूरचित्रवाणी, मोबाइल, शिकवणी, पैशांचा ऑनलाइन खेळ: ज्या धंद्यास उधाण आले, तो त्या छातीवर विराजमान झाला. यांपैकी बायजूजवर २०२४ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. ड्रीम ११ ची गादी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताच गेली. त्यामुळे सप्टेंबर २०२५ च्या आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाच्या नावाविना खेळला, आणि जिंकलाही. अपोलो टायर्सचे नाव नंतर आले. प्रायोजकाला संघाची जितकी गरज असते, तितकी संघाच्या खेळाला प्रायोजकाच्या नावाची नसते, एवढा धडा त्या कोऱ्या छातीने दिला.

याहून सूक्ष्म प्रकार २०२३ च्या विश्वचषकात घडला. आदिदास कंपनीची ओळख म्हणजे तीन समांतर पट्टे. भारतीय खेळाडूंच्या खांद्यांवरील त्या पट्ट्यांना तिरंग्याचे रंग देण्यात आले. प्रेक्षकांना तो देशाभिमानाचा आविष्कार वाटला आणि तसा तो होताही. पण त्याच वेळी राष्ट्राचे रंग एका कंपनीच्या चिन्हाच्या आकारात बसवले गेले होते. कोण कोणाला सजवत होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

गावाच्या नावाचेही असेच. आयपीएलमध्ये २०१६ साली ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ हा संघ आला. दुसऱ्याच वर्षी तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. पुणेकरांनी त्यात जीव गुंतवला. दोन वर्षांची मुदत संपली आणि संघ विसर्जित झाला. पुढे त्याच उद्योगसमूहाने लखनौत आणि डर्बनमध्ये संघ घेतले, तेव्हा ‘सुपर जायंट्स’ हे नाव त्यांच्याबरोबर गेले. ‘पुणे’ मात्र मागे राहिले. नावातील जो भाग मालकाचा होता तो टिकला, जो लोकांचा होता तो गळून पडला.

येथे एक आक्षेप रास्त आहे. या बाजारानेच कबड्डीला दिवस दाखवले नाहीत काय? दाखवले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात कबड्डीपटूंवरील बोली प्रथमच एक कोटीच्या घरात गेली. मातीत खेळून गुडघे फोडून घेणाऱ्या मुलांना हा खेळ अन्न देऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. ते नाकारणे कोतेपणाचे ठरेल. म्हणूनच चिन्हांचा बाजार असावा की नसावा, हा वाद निरर्थक आहे. चिन्ह कोणाच्या मालकीचे, हा खरा प्रश्न आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. ठाणे जिल्ह्याच्या खेडोपाडी कबड्डीची मंडळे आहेत, टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे चषक भरतात. संघांच्या जर्सी आता संगणकावर रेखाटून, कागदावर छापून उष्णतेने पॉलिस्टरवर उमटवतात. काम स्वस्त आणि झटपट होते. पण त्यांवर दिसते काय? कुठल्या तरी परदेशी क्लबाचा उसना सिंह, ‘वॉरियर्स’ किंवा ‘फायटर्स’ हे रोमन लिपीतले नाव, आणि पाठीवर देणगीदार बिल्डरचे किंवा पुढाऱ्याचे ठळक छायाचित्र. मंडळाचे स्वतःचे नाव शोधावे लागते. पिढ्यान् पिढ्या कमावलेला लौकिक एका हंगामाच्या कपड्यांच्या बदल्यात आपण देऊन टाकतो. कोऱ्या कापडाचीच ही दुसरी तऱ्हा झाली.

हे टाळणे अवघड नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदणीकृत मंडळाला आपले नाव व बोधचिन्ह नोंदवता येते. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांसाठी ९,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते. स्पर्धेच्या मंडपावर आणि ध्वनिक्षेपकांवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. प्रायोजक जरूर घ्यावा. पण त्याचे नाव किती मोठे, कोठे आणि किती काळासाठी, हे मंडळाने लेखी ठरवावे.

चिन्ह काढणारे हातही आपल्याकडे आहेत. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना अशी वळणे दिली की जाहिरातीतल्या अक्षरावरून नाटक ओळखावे. र. कृ. जोशी यांनी देवनागरीला संगणकापर्यंत नेले. ज्या लिपीत एवढे सामर्थ्य आहे, तिच्यात आपल्या कबड्डी मंडळाचे नाव डौलाने उभे राहू शकत नाही, असे कोण म्हणेल? शाळांतील चित्रकला शिक्षकांनी आणि उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांनी एकेका मंडळाचे काम अंगावर घेतले, तर अभ्यासही होईल आणि गावाची ओळखही घडेल. मात्र त्यांना त्याचा योग्य मोबदला मिळावा; ३५ डॉलरचा कित्ता गिरवण्याचे कारण नाही.

यंत्रमागाच्या नगरीला नाव नसलेल्या मालाची किंमत काय येते, हे कोणी शिकवण्याची गरज नाही. पिकामागच्या पैशांत ती रोज मोजली जाते. निदान आपल्या मुलांच्या खेळाला तरी त्या भावाने विकू नये.