फिल्टर हाऊसमधली रात्रपाळी

1955 च्या पुरानंतर दिल्लीजवळ यमुनेने पात्र बदलले. वझिराबादच्या उपसा केंद्राला लागून वाहणारा प्रवाह पूर्वेकडे सरकला आणि एरवी खालच्या अंगाला नदीत पडणारा नजफगढचा नाला नोव्हेंबरात उलटा तुंबून थेट पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत येऊन पोचला. पाणी बिघडले आहे हे शुद्धीकरण केंद्रातल्या माणसांच्या लक्षात आले होते. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्याचा गुणही आला. विषमज्वराची किंवा हगवणीची साथ पसरली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे 29 हजार दिल्लीकरांना कावीळ झाली.

पुढे 1980 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील डॉ. खोरशेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांच्या जोडीने या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा ही नेहमीची 'ए' प्रकारची कावीळ नव्हती हे उघड झाले. आज त्या विषाणूला आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. वैद्यकाच्या इतिहासात ही साथ या शोधासाठी सांगितली जाते. मला ती आठवते ती शुद्धीकरण केंद्रात त्या नोव्हेंबरात पाळीवर असलेल्या माणसांसाठी. त्यांच्या हातात जेवढे होते तेवढे त्यांनी केले आणि जिवाणूंपासून एक मोठे शहर वाचवले. विषाणूंपुढे मात्र हात टेकावे लागले. गढूळ पाण्यातली घाण क्लोरीन खाऊन टाकते, आणि विषाणू बारीक कणांच्या आडोशाला राहतात. आधी पाणी निवळायचे, मग त्यात क्लोरीन सोडायचा, हा क्रम या कामाचा पाया आहे. क्रम मोडला की क्लोरीन कितीही ओता, भरवसा उरत नाही.

आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या नगरपरिषदेचे केंद्र डोळ्यांपुढे आणा. क्षमता 20 एमएलडी, म्हणजे दिवसाला दोन कोटी लिटर पाणी. फाटकावर 'जलशुद्धीकरण केंद्र' अशी पाटी असते, पण गावात सगळे त्याला फिल्टर हाऊस म्हणतात. मुंबईचे बहुतेक सगळे पाणी शुद्ध करणारी भांडुप आणि पांजरापूरची केंद्रे या मानाने अवाढव्य; तिथे अभियंते, रसायनतज्ज्ञ, नियंत्रण कक्ष असा सगळा फौजफाटा असतो. लहान शहरात रात्रपाळीला एक ऑपरेटर, सोबत एखादा मदतनीस आणि फाटकावर पहारेकरी. बाकी गाव झोपलेले असते आणि पहाटे नळाला येणाऱ्या पाण्याची जबाबदारी या माणसावर असते.

नदीकाठच्या जॅकवेलमधून उपसलेले पाणी आधी पायऱ्यापायऱ्यांच्या कारंज्यावरून खाली पडते, त्यात हवा मिसळते. मग तुरटीचे द्रावण पडते आणि पंख्याने पाणी जोरात घुसळले जाते. पुढच्या गोल टाकीत ते अगदी संथ फिरते, गाळाच्या गुठळ्या बनतात, तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या बेडवर जाते, तिथून क्लोरीन घेऊन साठवण टाकीत आणि पंपाने उंच जलकुंभात. शाळेच्या सहलीत मुलांना हे सगळे अर्ध्या तासात दाखवून होते. नदी रोज बदलते हे मात्र त्या अर्ध्या तासात दिसत नाही.

उन्हाळ्यात नदीच्या पाण्याचा गढूळपणा, एनटीयू या तो मोजण्याच्या एककात, एक आकडी असू शकतो. मृगाचा पहिला जोरदार पाऊस वरच्या खोऱ्यात झाला की काही तासांत तो शेकड्यांत जातो. भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात तो 1 एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त 5. मधली दरी तुरटीने भरून काढायची. किती तुरटी हे कुठल्याही तक्त्यात सापडत नाही, त्यासाठी जार टेस्ट करावी लागते. सहा काचपात्रांत एकच कच्चे पाणी घ्यायचे, प्रत्येकात तुरटीची मात्रा चढती ठेवायची, मिनिटभर जोरात ढवळायचे, मग पंधरा-वीस मिनिटे हळूहळू, आणि शेवटी अर्धा तास स्थिर ठेवायचे. योग्य मात्रेच्या भांड्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या धरतात आणि वरचे पाणी स्वच्छ होते. मात्रा कमी पडली तर पाणी धुरकट राहते. जास्त झाली तरी गुठळी बिघडते, शिवाय पाण्याचा सामू खाली येतो. पाण्यात मुळातच क्षार कमी असतील तर तुरटी नीट कामच करत नाही, सोबत चुना द्यावा लागतो. रांजणात तुरटीचा खडा फिरवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनाही थोडी तुरटी पुरते आणि जास्त झाली की पाणी तुरट लागते हे ठाऊक होते. ऑपरेटर तेच दोन कोटी लिटरला आणि घड्याळाशी शर्यत लावून करतो.

हिशेब सोपा आहे आणि प्रत्येक ऑपरेटरला तो तोंडपाठ असावा लागतो. दहा लाख लिटर पाण्यात एक किलो म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. लिटरला 20 मिलिग्रॅम तुरटी लागत असेल तर 20 एमएलडीच्या केंद्राला दिवसाला 400 किलो. पुराच्या पाण्यात हीच गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर गोदामात तुरटी किती शिल्लक आहे, हा प्रश्न बजेटच्या बैठकीत नव्हे, मे महिन्यातच विचारायला हवा. ठेकेदाराचे बिल अडकल्यामुळे तुरटीची गाडी आली नाही, तर त्याची शिक्षा भोगणाऱ्याला बिलाचे कारण कधीच कळत नाही.

या केंद्रांतली मला सर्वात आवडणारी जागा वाळूच्या बेडची. गॅलरीत उभे राहिले की दोन्ही बाजूंना शांत हिरवट पाण्याचे हौद दिसतात, खाली साधारण 60 ते 75 सेंटिमीटर जाडीची निवडक जाडसर वाळू. दोन कणांमधली फट जिवाणूपेक्षा कितीतरी मोठी असते, तरीही जिवाणू मोठ्या प्रमाणात अडतात. तुरटीने चिकट झालेला गाळ वाळूच्या कणांना धरून बसतो आणि पुढच्या गाळाला धरून ठेवतो. त्यामुळे गाळ पकडू लागलेला बेड नव्या कोऱ्या वाळूपेक्षा चांगले काम देतो. मात्र गाळ साचत गेला की पाणी उतरेनासे होते, मापकावर दाबाची तूट वाढत जाते आणि बेड धुवावा लागतो. आधी ब्लोअरने खालून हवा सोडून वाळू सैल करायची, मग स्वच्छ पाणी उलटे वर चढवायचे. घाईत धुतलेल्या बेडमध्ये चिखलाचे गोळे बनतात, ते महिनोन्‌महिने निघत नाहीत. आणि धुतल्यानंतरची पहिली काही मिनिटे बेडचे पाणी खराब येते. ते साठवण टाकीत न सोडता बाहेर काढून टाकायला हवे. पहाटेचा पुरवठा तोंडावर आलेला असताना तेवढी मिनिटे थांबायचे की नाही, हे ठरवणारा तिथे एकटा असतो.

क्लोरीन रूममध्ये सगळ्यांचाच आवाज खाली येतो. 900 किलो क्लोरीन मावणारा लांबुळका पोलादी टनर तिथे आडवा ठेवलेला असतो. लिटरला 2 मिलिग्रॅमच्या हिशेबाने आपल्या 20 एमएलडीच्या केंद्राला तो साधारण बावीस दिवस पुरतो. हा वायू हवेच्या जवळपास अडीचपट जड, त्यामुळे गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. पळायचे ते वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर. गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा फिरवतात. गळतीपाशी पांढरा धूर उठतो. गळतीवर पाणी मारणे ही सर्वात वाईट चूक, कारण त्यातून आम्ल तयार होते आणि ते भोक आणखी मोठे करते. जुलै 2010 मध्ये मुंबईत शिवडीला हाजी बंदरच्या आवारात बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला, तेव्हा शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली. ज्या केंद्रात वायूपासून बचावाचा मुखवटा कपाटात आहे पण कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे, तिथला ऑपरेटर रोज जीव मुठीत धरून काम करतो.

क्लोरीन सोडून काम संपत नाही. पाण्याशी त्याचा किमान अर्धा तास सहवास व्हावा लागतो आणि शेवटच्या घरातल्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम उरावा लागतो. विषाणूंचा धोका असेल तर 0.5. हा उरलेला क्लोरीन तपासण्याच्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे होते, नव्या डीपीडी टेस्टमध्ये गुलाबी. रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. आपल्या शहरांत हा उरलेला अंश फार मोलाचा आहे, कारण आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पुरवठा बंद झाला की नळ्या रिकाम्या होतात आणि जिथे गळती असेल तिथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. केंद्रातून निर्मळ निघालेले पाणी वाटेत बाटते, आणि त्या वेळी त्याच्यासोबत फक्त तो 0.2 मिलिग्रॅम असतो.

नुसत्या क्लोरीनवर न विसंबण्याचा धडा पुण्यालाही अलीकडेच मिळाला. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि संशय पाण्याकडे वळला. महापालिकेत नव्याने आलेल्या त्या भागात शुद्धीकरण केंद्र नव्हते, विहिरीतले पाणी निर्जंतुक करून तसेच दिले जात होते. खडकवासल्याचे धरण हाकेच्या अंतरावर असूनही निवळणे आणि गाळणे या दोन पायऱ्या तिथल्या लोकांच्या वाट्याला आल्या नव्हत्या. दिल्लीच्या साथीला तोवर जवळपास सत्तर वर्षे झाली होती.

दर तासाला ऑपरेटर रजिस्टरमध्ये आकडे लिहितो: कच्च्या पाण्याचा गढूळपणा, निवळ पाण्याचा गढूळपणा, सामू, तुरटी, क्लोरीन. या आकड्यांना किती किंमत आहे, हे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या वॉकर्टन गावाने दाखवले. सुमारे पाच हजार वस्तीच्या या गावात मे 2000 मध्ये मुसळधार पावसाने शेजारच्या शेतात टाकलेले शेणखत एका उथळ विहिरीत झिरपले. ई. कोलायच्या घातक प्रकाराने सुमारे 2300 लोक आजारी पडले, 7 दगावले. चौकशीत कळले की तिथले ऑपरेटर वर्षानुवर्षे क्लोरीन न मोजताच रजिस्टरमध्ये आकडे भरत होते. ती माणसे दुष्ट नव्हती. विहिरीचे पाणी मुळातच चांगले आहे अशी त्यांची खात्री होती, ते स्वतः ते बिनक्लोरीनचे पीत. त्यांच्याकडे परवानाही होता, पण तो अनुभवाच्या जोरावर, परीक्षा न देता मिळालेला. त्यानंतर ओंटारिओने प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली.

आपल्याकडे कारखान्यातला बॉयलर चालवायला कायद्याने सक्षमतेचे प्रमाणपत्र लागते, रिक्षा चालवायला परवाना लागतो. एका शहराचे पिण्याचे पाणी हाताळणाऱ्या माणसासाठी मात्र देशभर लागू असलेली अशी सक्तीची परीक्षा नाही. अनेक ठिकाणी केंद्र चालवण्याचे काम ठेक्याने दिलेले असते, ठेका बदलला की माणसे बदलतात. नदीची ओळख व्हायला पावसाळे जावे लागतात. कुठल्या ओढ्याला पाऊस झाला की किती तासांनी जॅकवेलला लाल पाणी येते, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस ठेक्याबरोबर निघून जातो. ही आपल्या नगरपालिकांची सर्वात महागडी काटकसर आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि या माणसांकडून आपण अपेक्षा मात्र सगळ्या ठेवतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असलेल्या शहराला पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागले. पूर ओसरल्यावर पंपांतला चिखल काढणे, मोटारी सुकवणे, टाक्या धुणे, पहिल्या गढूळ पाण्यासाठी नव्याने मात्रा ठरवणे हे सगळे ज्यांनी केले, त्यांतल्या अनेकांची स्वतःची घरेही पुराच्या पट्ट्यात असणार.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही तुमच्या गावच्या फिल्टर हाऊसमध्ये कोणीतरी पाळीवर असेल. सुट्टी संपली की नगरपालिकेत एक साधा अर्ज द्या. आमच्या भागाच्या शेवटच्या नळावर क्लोरीन किती असतो आणि केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा किती, हे रोज फलकावर लावा, अशी मागणी करा. त्याच अर्जात ऑपरेटरची पदे कायमस्वरूपी भरण्याची आणि त्यांना शासकीय खर्चाने प्रशिक्षण देण्याची मागणीही लिहा. अर्जावर गल्लीतल्या प्रत्येक घराची सही घ्या.