अंतरपाटामागच्या दोघी

कार्टून नेटवर्क भारतात आलं १ मे १९९५ला. तेव्हा वाशीम जिल्हाच नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ला आणि आमच्या घरी केबलही साधारण त्याच सुमारास आली. कार्टून इंग्रजीत असायचं, त्यामुळे कोण काय बोलतंय ते कळत नसे. पण ससा पळतोय आणि शिकारी त्याच्या मागे लागलाय, यात न कळण्यासारखं काय होतं?

बग्ज बनीचं १९५७ सालचं एक कार्टून आहे. त्यात हा ससा लांब वेण्या आणि शिरस्त्राण घालून ऑपेराची नायिका होतो आणि बंदूकवाला एल्मर त्याच्यावर लट्टू होतो. माझ्या आजोबांनी खडी गंमत या लोकनाट्यातले साडी नेसून नाचणारे बाप्ये उभी हयात पाहिलेले, त्यांना यात काही नवल वाटलं नाही. ते मनापासून हसले. शेवटी शिरस्त्राण पडतं, सशाचे कान दिसतात आणि एल्मरचं प्रेम जागच्या जागी विझतं. दोन नरांमधलं प्रेम कार्टूनमध्ये दिसायचं ते इतपतच. सोंग असेपर्यंत चालायचं, उघडं पडलं की बंदूक.

पण आम्ही हे पाहत होतो त्याच दशकात जपानात दुसरं काही चाललं होतं, हे मला फार पुढे कळलं. ‘सेलर मून’ ही मालिका १९९२ साली सुरू झाली आणि १९९४च्या हंगामात तिच्यात हारुका आणि मिचिरू या दोघी आल्या. एक मोटार हाकणारी, दुसरी व्हायोलिन वाजवणारी. त्या एकमेकींच्या होत्या आणि मालिकेने त्यात लपवण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. २००० साली ती इंग्रजीत नेताना मात्र भाषांतर करणाऱ्यांनी त्या दोघींना चुलतबहिणी करून टाकलं. त्याआधी १९९५च्या इंग्रजी आवृत्तीत झोयसाइट नावाच्या पुरुषाला सरळ बाई केलं होतं, कारण त्याचा जीव दुसऱ्या पुरुषावर होता. गंमत अशी की चुलतबहिणींचे संवाद बदलले तरी चित्रं तीच राहिली. त्या एकमेकींकडे पाहायच्या तशाच पाहत राहिल्या. चाहते अजूनही यावर हसतात.

मला हसू आलं ते वेगळ्या कारणाने. आमच्या गल्लीत दोन बाया एकत्र राहत. एक शिवणकाम करी, दुसरी अंगणवाडीत होती. सगळी गल्ली त्यांना मानलेल्या बहिणी म्हणे. त्या कोण होत्या मला माहीत नाही आणि त्यांच्या मागे ते ठरवण्याचा अधिकारही मला नाही. पण ‘मानलेल्या’ हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द. बोलणाऱ्याची सोय होते, ऐकणाराही सुटतो. भाषांतर करणाऱ्या त्या कंपनीला मराठी येत असती, तर चुलतबहीण शोधायची वेळच आली नसती.

मराठीत अशी लपवाछपवी दुसऱ्या बाजूने अवघडही आहे. इंग्रजीत माणूस ‘आय लव्ह यू’ म्हणून मोकळा होतो, बोलणारा बाई की बाप्या ते शब्दांवरून कळत नाही. मराठीत ‘माझं प्रेम आहे’ म्हणून आडोसा घेता येईल, पण किती वेळ? पुढच्या वाक्यात ‘आले’ किंवा ‘आलो’ म्हणावंच लागतं. या मालिका मराठीत आल्या असत्या तर क्रियापदानेच सगळं सांगून टाकलं असतं. आल्या नाहीत. आमची पोरं कार्टूनवर मराठी नाही, हिंदी शिकली. शिनचॅन आणि डोरेमॉनची हिंदी.

आता मुद्द्याचं साल, २०१४. ‘द लेजंड ऑफ कोरा’ ही निकलोडियनची मालिका. तिसऱ्या हंगामाच्या मध्येच चॅनेलने ती टीव्हीवरून काढली आणि इंटरनेटवर नेऊन ठेवली. शेवटचा भाग आला १९ डिसेंबरला. कोरा आणि आसामी या दोघी हातात हात घालून आत्म्यांच्या लोकाच्या दारात शिरतात, तिथल्या उजेडात एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहतात, आणि मालिका संपते. चुंबन नाही, कबुली नाही. मैत्रिणीच आहेत असं म्हणणाऱ्यांना म्हणता येईल, एवढी फट ठेवलेली. तीन दिवसांनी, २२ डिसेंबरला, ब्रायन कोनिएट्झ्को आणि मायकल डान्टे डिमार्टिनो या दोन्ही निर्मात्यांनी लिहून जाहीर केलं की त्या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. त्याच भागात काही मिनिटं आधी एका जोडप्याचं लग्न लागतं. कोरा आणि आसामीला शेवटी मुद्दाम त्याच ढंगात, समोरासमोर, हात धरून उभं केलं होतं.

समोरासमोर उभं राहणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट बाजूला होतो आणि नवरा-नवरी पहिल्यांदा एकमेकांना पाहतात. एकोणीस डिसेंबरला अंतरपाट खाली आला नव्हता. दोघी अलीकडे-पलीकडे उभ्या होत्या आणि कापड जरा पातळ होतं, इतकंच.

तेव्हा इकडे कापड चांगलंच जाड झालं होतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची धार दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ला काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ला ते कलम पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. म्हणजे कोराचा शेवट आला तेव्हा त्या निकालाला वर्ष आणि आठवडा झाला होता. वाशीममध्ये तो भाग त्या रात्री कोणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. टूजीवर व्हिडिओ म्हणजे अर्धा तास गोल फिरणारं चाक. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि मग सोयाबीनच्या भावाबरोबर मोबाइलवर काय काय येऊ लागलं. आमच्याकडच्या पोरांनी कोरा पाहिली ती तेव्हा, दोन वर्षं उशिरा आणि एका बैठकीत. शेवट काय होतो हे आधीच ठाऊक असताना. उशिराने फार बिघडलं असंही नाही, पुराणातल्या कथासुद्धा आपण शेवट माहीत असूनच ऐकतो.

२०१८ साल तर पंचांगात बसवल्यासारखं आहे. ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ ही रेबेका शुगर यांची मालिका. त्यात रूबी आणि सफायर या दोन रत्नकन्यांचं लग्न लागलं ६ जुलैला. रूबी ठेंगणी आणि तापट, तिने पांढरा झगा घातला. सफायर थंड, तिने सूट. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये, भर उन्हात, वऱ्हाडासकट! चारच दिवसांनी, १० जुलैला, दिल्लीत पाच न्यायमूर्तींसमोर ३७७ची सुनावणी सुरू झाली. ३ सप्टेंबरला ‘ॲडव्हेंचर टाइम’चा शेवटचा भाग आला. मार्सलीन आणि प्रिन्सेस बबलगम यांच्यात पूर्वी काहीतरी होतं असं चाहते २०११पासून म्हणत होते. त्यांनी शेवटी एकमेकींचं चुंबन घेतलं. ते चितारलं हाना नीस्ट्रोम या चित्रकर्तीने. निर्मात्यांनी तिला जवळीक दाखव एवढंच सुचवलं होतं, किती ते तिच्यावर सोडलं होतं. ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द केलं. ९ तारखेला पोळा होता.

यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. कोर्ट कार्टून पाहत नाही. पण आठवणी कार्यकारणाने रचल्या जात नाहीत. त्या वर्षी माझी भाची अकरा वर्षांची होती. तिच्या डोक्यात बबलगम, निकालाच्या बातमीतले इंद्रधनुषी झेंडे आणि बैलांच्या पाठीवरच्या झुली हे सगळं एकाच आठवड्यात पडून राहिलं आहे. त्याआधीच्या डिसेंबरात शेजारच्या यवतमाळात दोन पुरुषांनी हॉटेलात लग्न केलं आणि बातमी देशभर फिरली. आमच्याकडे त्याची चर्चा झाली ती आवाज खाली करून. बबलगमची चर्चा झालीच नाही, कारण मोठ्यांपैकी कोणी ती पाहतच नव्हतं. कार्टूनचं हेच तर बळ. घरात सगळ्यांसमोर चालू असतं आणि कोणाचं लक्ष नसतं.

टाळेबंदीत भाची तेरा वर्षांची झाली. ‘शी-रा’चा शेवटचा हंगाम १५ मे २०२०ला आला. ॲडोरा आणि कॅट्रा लहानपणच्या मैत्रिणी, मग वैरिणी, आणि शेवटी एकीने दुसरीवर प्रेम असल्याचं सांगितल्यावर जग वाचतं. ऑगस्टमध्ये ‘द आऊल हाऊस’मध्ये लूझ आणि ॲमिटी नाचल्या. ती मालिका घडवणाऱ्या डाना टेरेस यांनी पुढे सांगितलं की सुरुवातीला वरच्यांनी असं नातं दाखवायला नकार दिला होता, त्या अडून बसल्या. डिस्नेने तिचा तिसरा हंगाम तीन लांब भागांत आटोपला. भाचीने तेव्हा दोन दिवस धड जेवण केलं नाही. मी म्हटलं, अगं, कार्टून आहे. ती म्हणाली, “मामा, तुले नाही समजत ते.”

मग मी तिच्या शेजारी बसून पाहायला लागलो. ती आणि तिच्या मैत्रिणी ‘शिप’ म्हणतात. या दोघींचं शिप, त्या दोघींचं शिप. आधी मला वाटलं जहाज. आपल्याकडे या गोष्टीला शब्द आहे तो ‘समलिंगी’, पण तो कोर्टातला आणि पेपरातला. तेरा वर्षांच्या पोरीने तो चहा पिताना कसा वापरावा? ‘शिप’ तिला वापरता येतो. ती स्वतः कोण आणि तिचं काय, हे मी विचारत नाही. मामाने विचारायचे प्रश्न ठरलेले असतात, टक्के किती पडले आणि जेवलीस का.

पाहता पाहता माझी एक तक्रार झाली. यात बहुतेक दोघीच असतात, दोघे क्वचित. ‘व्होल्ट्रॉन’मध्ये शिरो या नायकाला प्रियकर होता असं २०१८च्या जुलैत वाजतगाजत सांगितलं, आणि ऑगस्टमधल्या हंगामात तो प्रियकर मारून टाकला. चाहते खवळले. डिसेंबरात शेवटच्या क्षणी शिरोचं लग्न लावलं, तेही ओळख ना पाळख अशा एका माणसाशी. जपानच्या ‘युरी ऑन आइस’मध्ये, २०१६ साली, दोन स्केटरांचं चुंबन आहे, पण ते नेमकं एकाच्या हातामागे झाकलेलं. मुली हात धरून चालल्या तर आपल्याकडेही कोणी वळून पाहत नाही. मुलांनी खांद्यावर हात टाकला तरी चालतं. त्यात माया दिसली की मात्र आजोबांच्या पिढीचा हशा परत येतो.

आणि दुसरी गोष्ट शेवटांची. मराठीत या विषयावर कोणी लिहिलंच नाही असं नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आलं, फार आधी आणि फार धीटपणे. पण त्यातली मित्रा शेवटी जीव देते. गेल्या वर्षापर्यंत मी ते नाटक भाचीला वाचायला दिलं नव्हतं. दिलं तेव्हा तिने संपवून परत केलं आणि एवढंच विचारलं, “मेलीच पाहिजे होती का?” २०२५ साली रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळवून आला. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस, गाव आणि दोन पुरुष. तो तिला आवडला. त्यात मरण आहे, पण ते म्हाताऱ्याचं आहे, प्रेमाचं नाही, असं ती म्हणाली. ॲडोरा, रूबी, बबलगम यांच्याकडे या पोरी पुन्हा पुन्हा का जातात, ते मला त्या वाक्यात समजलं. चुंबन दोन सेकंदांचं असतं. त्यानंतर दोघी जिवंत राहतात आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी करतात.

आमच्या गावाला या बाबतीत जुनं काही सांगायचं आहे, पण ते सांगायचं कोणी मनावर घेत नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त त्याला मदनाचं क्रीडास्थान म्हटलं आहे. साहित्यविद्यावधू काव्यपुरुषाच्या मागे देशोदेशी फिरते आणि शेवटी या वत्सगुल्मात त्या दोघांचं लग्न लागतं. तेही गांधर्व पद्धतीने, म्हणजे अंतरपाटाचा प्रश्नच नाही. मदनाच्या गावचे आम्ही, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चालतं ते न सांगितलेलं बरं.

१७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्या नवरात्रात भाचीने एक चित्र काढलं, ते अजून तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. कोरा आणि आसामी, दोघींना मुंडावळ्या. मध्ये कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट, तो अर्धा खाली आलेला. मागे आमच्याकडच्या मंगल कार्यालयात असतात तशा प्लास्टिकच्या खुर्च्या. चित्र पुरं करताना ती अडली आणि तिने मला फोन केला.

“मामा, गुरुजी माइकवरून ओरडतात न, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन या म्हणून?”

“हो.”

“मग इथं मामा किती काढू?”

मी म्हटलं, दोन काढ.