ज्येष्ठ निवासांतील गुंतवणूक : हिशेब आणि गृहीत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते आमचे गणिताचे सर उत्तर बरोबर आले तरी अर्धे गुण कापीत असत, जर आरंभी 'गृहीत' लिहिलेले नसेल. पुढे बँकेच्या नोकरीत या सवयीने मला अनेकदा वाचविले. आजचा विषय मी त्याच सवयीने मांडणार आहे.

माझ्या एका वर्गमित्राने गेल्या वर्षी दांडिया बाजारातील वडिलोपार्जित घर विकले. वय ७१, मुले परदेशी. आलेल्या रकमेतील एक कोटी रुपये ज्येष्ठ नागरिकांसाठी निवास उभारणाऱ्या एका खासगी निधीत गुंतवावेत काय, असे त्याने मला विचारले. माहितीपत्राच्या पहिल्याच पानावर देशातील वृद्धांची संख्या वाढत असल्याचे ठळक अक्षरांत छापले होते. ते खोटे नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे सुमारे १०.४ कोटी होती आणि आज ती पुष्कळच वाढली आहेत. परंतु त्यांपैकी दरमहा मोठी रक्कम देऊ शकणारे किती, मुलाचे घर सोडून तेथे राहावयास तयार किती, आणि तेही नेमक्या त्याच इमारतीत, हे त्या आकड्यातून निघत नाही. गृहीत नेमके येथे लपलेले आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शंभर खोल्यांचे निवास आहे. प्रत्येक खोलीचे महिन्याचे साठ हजार रुपये. परिचारिका, स्वयंपाकघर, वीज, पहारा यांचा खर्च ३४ लाख आणि कर्जाचे व्याज १२ लाख. नव्वद खोल्या भरलेल्या असतील तर उत्पन्न ५४ लाख, म्हणजे आठ लाख उरतात. ऐंशीच भरल्या तर उत्पन्न ४८ लाख आणि शिल्लक दोन लाख. (किराण्यात थोडी बचत होईल, ती सोडून देऊ, रात्रपाळीची परिचारिका मात्र दहा माणसे कमी झाली म्हणून घरी पाठविता येत नाही.) दहा खोल्या रिकाम्या झाल्या आणि तीनचतुर्थांश नफा गेला. शिवाय येथील रहिवासी वयोवृद्ध असल्याने खोल्या पुन्हा पुन्हा भराव्या लागतात. अमेरिकेत २०२० च्या साथीनंतर अशा निवासांतील भरलेल्या खोल्यांचे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून वर्षभरात ८० च्याही खाली आले. पाठोपाठ २०२२-२३ मध्ये तेथील व्याजदर जवळजवळ शून्यावरून पाच टक्क्यांच्या वर गेले. माझ्या उदाहरणातील दोन्ही आकडे तेथे एकामागून एक बिघडले.

ब्रिटनमधील सदर्न क्रॉस या कंपनीची कथा याहून बोधक आहे. सुमारे ७५० शुश्रूषागृहे आणि ३१,००० वृद्ध रहिवासी असलेली ही त्या देशातील सर्वांत मोठी संस्था. तिच्या इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या गेल्या होत्या आणि भाडे दरवर्षी वाढत जाणारे होते. उत्पन्न त्या वेगाने वाढले नाही, आणि २०११ मध्ये कंपनी कोसळली. गृहे दुसऱ्यांच्या हाती गेली. वृद्धांची संख्या त्या काळातही वाढतच होती.

आपल्याकडे असे निधी बहुधा सेबीच्या २०१२ च्या नियमांखालील 'पर्यायी गुंतवणूक निधी' असतात. सामान्यतः किमान गुंतवणूक एक कोटी. स्थावर मालमत्तेचे निधी ज्या वर्गात मोडतात, त्या वर्गातील निधीला स्वतः फार कर्ज काढता येत नाही, याचा विक्रेते आवर्जून उल्लेख करतात. परंतु निधी ज्या प्रकल्पकंपनीत पैसा घालतो ती कर्ज काढू शकते, आणि बँकेचे देणे फिटल्यावरच आपला क्रमांक लागतो. मुदतीपूर्वी पैसे परत मागण्याची सोय नसते. अधूनमधून कळविले जाणारे मूल्य हा मूल्यांककाचा अंदाज असतो. भाव रोज वर्तमानपत्रात येत नाही म्हणून तो स्थिर भासतो, इतकेच.

मित्राच्या निधीची मुदत सात वर्षांची होती. मूल्याच्या दोनतृतीयांश गुंतवणूकदारांनी संमती दिल्यास ती आणखी दोन वर्षे वाढविता येते. ७१ मध्ये नऊ मिळविले की ८० होतात. ज्या वर्षांत त्याला स्वतःला अशा एखाद्या खोलीची आणि परिचारिकेची गरज पडावयाची, नेमक्या त्याच वर्षांत त्याचा पैसा दुसऱ्यांच्या खोल्यांत अडकून राहणार होता. हे मी बोलून दाखविले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. पस्तिशीतल्या पगारदाराला मी इतके अडविले नसते.

निधीच्या व्यवस्थापकांनी पूर्वी उभारलेल्या प्रत्येक निवासातील भरलेल्या खोल्यांचे महिनावार आकडे आणि प्रत्येक प्रकल्पावरील कर्ज, एवढी माहिती मी त्याला मागवावयास सांगितली. रंगीत माहितीपत्र दोन दिवसांत घरपोच आले होते. हे आकडे तीन महिने उलटूनही आलेले नाहीत. मित्राने तीस लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि उरलेले निरनिराळ्या बँकांच्या मुदतठेवींत ठेवले आहेत.