हेलसिंकीचा खर्च

धावणाऱ्या बायकांचा विषय निघाला की जाणकार हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन यांचे नाव घेतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या या आईने चार सुवर्णपदके मिळवली. ‘घरी बसून मुले सांभाळा’ असे सुनावणारे त्यांनाही भेटलेच. म्हणजे हा उपदेश केवळ आपल्याकडचा नव्हे!

पण आम्हाला बोलायचे आहे ते मोऱ्याहून लाँचने गाठता येणाऱ्या मुंबईतील, वांद्र्याच्या मेरी डिसोझा यांच्याविषयी. मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले. तेथे १०० मीटरमध्ये मुंबईच्याच रोशन मिस्त्री दुसऱ्या आल्या, २०० मीटरमध्ये मेरी तिसऱ्या. चौघींच्या शर्यतीत जपान पहिला, भारत दुसरा.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक. स्वतंत्र भारताने ऑलिंपिकला पाठवलेल्या पहिल्या चार स्त्रियांत मेरी होत्या. पाठवलेल्या म्हणायचे, एवढेच. खर्चाची तोंडमिळवणी त्यांची त्यांनीच करायची होती. मित्रमंडळींनी नाचाचे कार्यक्रम केले, पत्त्यांचे डाव भरवले आणि पैसा उभा केला. संपाच्या दिवसांत चाळीचाळीतून डबा फिरवलेल्या आम्हाला अशा वर्गणीचे मोल ठाऊक आहे. तरी देशाचे नाव छातीवर लावून निघालेल्या मुलीसाठी डबा फिरावा, ही व्यवस्था लाजिरवाणी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. आजही तालुक्यातल्या मुलीची बाहेरगावच्या स्पर्धेसाठी निवड झाली की बाप आधी बूट, प्रवास आणि मुक्काम यांचा हिशेब मांडतो.

हेलसिंकीत मेरी दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या. त्याच मैदानावर फॅनींनाही अडथळ्यांची अंतिम शर्यत अर्ध्यातच सोडावी लागली.

खरी कमाई १९५४ साली मनिलाला झाली. चार जणी, प्रत्येकीचे शंभर मीटर. हातातली दांडी तेव्हाच्या नियमाप्रमाणे वीस मीटरच्या पट्ट्यातच पुढचीच्या हाती पडली पाहिजे. देणारी भरधाव, घेणारीही मागे न पाहता सुटलेली. यंत्र चालू ठेवूनच एका पाळीने दुसरीकडे सोपवावे, तसा हा प्रकार. एकीची घाई झाली किंवा दुसरीला उशीर झाला की चौघी बाद. ख्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी यांनी ही दांडी ४९.५ सेकंदांत शेवटपर्यंत नेली आणि जपानला मागे टाकून सुवर्णपदक आणले.

मेरी हॉकीतही भारताकडून खेळल्या. सरकारने त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ साली. तेव्हा त्यांचे वय ८२ होते.