वेदनेची कैफियत

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या विदर्भातील संग्रामपूर तालुक्यात कपाशीची वेचणी सुरू झाली, म्हणजे पाळीच्या कळा येत असतानाही, रोज बुडू नये म्हणून, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकावे लागणाऱ्या स्त्रियांचे दुखणे कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. ते अंगावरच काढावयाचे असते, असे आई मुलीला सांगत आली आहे. विदर्भातच, गडचिरोलीतील दोन गावांत, डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या.

पाळीच्या या कळा मनाचे खेळ नव्हेत. शेफील्डचे संशोधक पिकल्स यांना १९५७ साली ऋतुस्रावात स्नायू आकुंचित करणारे द्रव्य आढळले. पुढे ते प्रोस्टाग्लँडिन ठरले. गर्भाशय त्यामुळे आवळते, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि वेदना उठते. संप्रेरकांनी बीजविमोचन थांबवून अस्तर पातळ राखले, तर हे द्रव्यच कमी निपजते. या तत्त्वावर, कळांवरील उपाय म्हणून, गोळ्यांप्रमाणेच योनीत बसवावयाच्या कड्याचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत २००१ साली गर्भनिरोधक म्हणून मान्य झालेले हे कडे ५४ मिलिमीटर व्यासाचे, लवचिक व पारदर्शक असते; तीन आठवडे आत राहून ते दररोज १५ मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्राडायॉल व १२० मायक्रोग्रॅम एटोनोजेस्ट्रेल सोडते.

वेदनेवरील औषधाची पारख करताना मला सर्वांत मोलाची वाटते ती साक्षीची रीत. कागदावर दहा सेंटिमीटरची एक रेघ असते. एका टोकाला ‘मुळीच दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य’. स्त्रीने स्वतःच्या हाताने त्यावर खूण करावयाची, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या ते मांडावयाचे. आणि खरे कडे कोणते, औषधरहित कोणते, हे तिलाही ठाऊक नसते व डॉक्टरलाही नसते. येथे तिचीच कैफियत पुरावा ठरते.

ही कैफियत वेळेवर ऐकली न गेल्याने काय होते, ते बीडमध्ये दिसले. २०१९ च्या शासकीय सर्वेक्षणात ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. साध्या उपायांची पायरीच न चढता थेट शस्त्रक्रियेकडे जाणे हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात कडे सर्वांसाठी नव्हे: रक्तात गुठळी झालेल्या, उच्च रक्तदाबाच्या किंवा पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रीस ते देऊ नये, मूल हवे असणारीला ते निरुपयोगीच, आणि ज्या शाळकरी मुलींना पाळीच्या कळांचा त्रास अधिक होतो, त्यांच्या घरी ते स्वीकारले जाणे आज तरी कठीण.

शिवाय उन्हाचा प्रश्न आहे. ते कडे दुकानात २ ते ८ अंशांत ठेवावे लागते, हाती आल्यावर २५ अंशांच्या आसपास. संग्रामपूरचा वैशाख चाळीस ओलांडतो. २०१८ साली मान्य झालेल्या, वर्षभर पुरणाऱ्या दुसऱ्या कड्यास शीतपेटी लागत नाही. या तालुक्यात कधी चाचणी झालीच, तर त्या कड्यापासून आणि वेचणीच्या हंगामातच व्हावी, म्हणजे ओझे वाहताना कळ किती उठते, हेही त्या रेघेवर उमटेल.