अदृश्य जहाजाचे नियम

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेतलं ‘क्लोकिंग डिव्हाइस’ अख्खं अंतराळजहाज गायब करतं, पण फुकट नाही.

● पहिलं दर्शन : १५ डिसेंबर १९६६, ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग. लपून मारा करणारं रोम्युलन या परग्रहवासी शत्रूंचं जहाज आणि मागावर असलेलं नायकांचं ‘एंटरप्राइझ’. कथेवर ‘द एनिमी बिलो’ (१९५७) या पाणबुडीपटाची छाप आहे.

● अट : अदृश्य राहायला प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून शस्त्र चालवायचं तर आधी प्रकट व्हायचं. ही अट नसती तर प्रत्येक लढाई पहिल्याच फैरीत आटोपली असती.

● अपवाद : ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’ (१९९१) या चित्रपटात क्लिंगॉन या दुसऱ्या परग्रहवासींचं जहाज अदृश्य राहूनच टॉर्पेडो सोडतं. मात्र त्याच्या इंजिनातून बाहेर पडणारा वायू लपत नाही. त्याचा माग काढणारा टॉर्पेडो जहाजाला गाठतो.

● भौतिकशास्त्राची हरकत : अवकाशाची पार्श्वभूमी सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस. तिच्यापुढे माणसं राहतील इतकं उबदार जहाज अवरक्त किरणांत उठून दिसेल. उष्णता आत कोंडली, तर आतले भाजून निघतील. शिवाय सगळा प्रकाश जहाजाला वळसा घालून गेला, तर आतल्यांनाही बाहेरचं काही दिसणार नाही.

● प्रयोगशाळेत : २००६मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मेटामटेरियलच्या (लहरींना हवं तसं वळवणाऱ्या कृत्रिम रचनेच्या) कड्यांनी तांब्याचं छोटं नळकांडं बऱ्याच अंशी लपवलं गेलं. तेही फक्त ठरावीक कंप्रतेच्या सूक्ष्मलहरींपासून. डोळ्यांना ते स्पष्ट दिसतच होतं.