खोगीर खुंटीवर असताना

पहाटे साडेपाचच्या सुमारास शिरोळ तालुक्यातील एका शेतवाडीवर घोडी खिंकाळते. गेली नऊ वर्षे या खिंकाळण्याला एकच उत्तर ठरलेले होते. घरातील कर्ते गृहस्थ, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणतो, तबेल्याचा अडसर काढीत, खोगीर चढवून तंग आवळीत आणि उसाच्या फडांमधल्या गाडीवाटेने नदीकाठापर्यंत रपेट मारून येत. त्यानंतर स्नान, बस्तीतील अभिषेक आणि मग दिवसाचे व्यवहार. गेल्या फाल्गुनात वयाच्या 58 व्या वर्षी त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. घोडी पूर्वीसारखीच खिंकाळत राहिली; पुढच्या खोलीतून मात्र कोणी बाहेर आले नाही.

खुब्याच्या आजाराचे नाव आता खेड्यापाड्यांतही परिचित झाले आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेल्या गोलाचा रक्तपुरवठा खुंटतो, हाड आतून मरू लागते आणि अखेर तो गोल चेपतो. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. अशा वेळी गोल आणि त्याची वाटी दोन्ही कृत्रिम बसवितात. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालविले जाते, त्यामुळे घरच्यांना वाटते की काम झाले. परंतु खरी परीक्षा पुढे असते. पहिले काही आठवडे मांडी काटकोनापलीकडे वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, अशी बंधने बहुतेकांना पाळावी लागतात. अन्यथा नवा गोल वाटीतून निसटण्याची भीती असते. सिमेंट न वापरता बसविलेल्या सांध्यात धातूच्या खडबडीत पृष्ठभागावर हाड हळूहळू धरत जाते, त्यालाही काही महिने द्यावे लागतात.

घोडेस्वारीची गोष्ट तर याहून निराळी. स्वार होताना डावा पाय रिकिबीत अडकवून उजवा पाय घोड्याच्या पाठीवरून फेकावा लागतो, आणि खोगिरावर बसल्यावर दोन्ही मांड्या ताणून फाकलेल्या राहतात. अण्णांच्या डॉक्टरांनी मात्र या दोहोंपेक्षा तिसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवले. ती म्हणजे पडणे. धातूची दांडी बसविलेल्या हाडाला पडून तडा गेला, तर त्याची दुरुस्ती पहिल्या शस्त्रक्रियेहून कठीण असते. सहा महिने घोड्याचे नाव काढायचे नाही, त्यानंतर एक्स-रे पाहून बोलू, असे त्यांनी सांगितले. पुन्हा बसता येईल असे आश्वासन त्यांनी दिले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण म्हणावे लागेल.

घरी भेटीला येणारे पाहुणे जखमेची चौकशी करीत, खर्चाची करीत, विम्याची करीत. घोडीची चौकशी कोणी केली तर ती उलट्या अंगाने. “अण्णा, आता कशाला ते घोडं? दारात गाडी आहे की!” यात वाईट हेतू नव्हता. ज्याने पहाटेच्या धुक्यात घोड्याच्या पाठीवरून स्वतःचे शेत पाहिलेले नाही, त्याला त्या तासाभराची किंमत कशी कळावी? अण्णांच्या दिवसातला तेवढाच एक तास कोणाच्या मागणीचा, वसुलीचा किंवा मध्यस्थीचा नव्हता. तोच गेला. ते अबोल झाले, जेवण कमी झाले आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. घरच्यांनी त्याचा संबंध औषधांशी जोडला.

वस्तुतः या अवस्थेला आपल्या शास्त्रात नेमके नाव आहे. आर्तध्यानाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रिय वस्तूच्या वियोगाने होणारे चिंतन हा एक आहे आणि शरीराच्या वेदनेने होणारे हा आणखी एक. हे प्रकार अण्णा स्वतः गावच्या पाठशाळेत मुलांना समजावून सांगत असत! त्यांच्याच सांगण्यानुसार, विषय शिकविणे आणि त्यात सापडणे यांत पुष्कळ अंतर आहे. चातुर्मासात रपेट आपल्या शेताच्या बांधाबाहेर न्यायची नाही, असा नियम ते दरवर्षी घेत, आणि तो त्यांना कधी जड गेला नव्हता. स्वतः सोडलेली गोष्ट आणि हातातून काढून घेतलेली गोष्ट या दोन भिन्न आहेत. दुसरीला त्याग म्हणून मिरविता येत नाही.

सामायिकाचीही अडचण होती. जमिनीवर मांडी घालणे कायमचेच बंद झाल्याने खुर्चीवर बसून सामायिक करावे लागे. पहिले काही दिवस 48 मिनिटे त्यांना सरता सरत नसत, कारण नेमक्या त्याच वेळी तबेल्यातून टापांचा आवाज येई.

पंधराव्या दिवशी त्या आवाजाचे स्वरूप बदलले. बिजली फळीवर लाथा झाडीत होती. बिजली हे तिचे नाव. काठियावाडी वाणाची, कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडणारी, वयाने 14 वर्षांची. वडिलांच्या काळापासून घरी असलेले मोतद्दारमामा खोलीच्या दाराशी येऊन म्हणाले, “अण्णा, पाय भरल्यात तिचं. अन् हात लावू देईना.” चौकशीअंती कळले, ते असे. धनी आजारी, म्हणून घोडीची आबाळ होऊ नये, या मायेपोटी घरातील मंडळींनी तिची चंदी तिळमात्र कमी केली नव्हती. उलट येता-जाता गुळाचा खडा दिला जात होता. रपेट बंद, फेरी बंद, आणि दाणा मात्र पूर्वीइतकाच.

हा दोष फार जुना आहे आणि तो प्रेमातूनच होतो. युरोपात मालवाहू घोड्यांना रविवारी विश्रांती असे, परंतु दाणा पूर्ण दिला जाई. सोमवारी कामाला जुंपताच काही घोड्यांचे स्नायू आखडून लाकडासारखे कठीण होत, लघवी काळसर होई आणि जनावर जागीच खिळून जाई. त्या आजाराला ‘सोमवारचा आजार’ हेच नाव पडले. अति दाण्याने खुरांच्या आतील नाजूक पडद्याला सूज येऊन घोडा कायमचा लंगडाही होऊ शकतो. त्यातच घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेले वरून परत येण्याची वाटच निसर्गाने ठेवलेली नाही, म्हणून त्याचा पोटशूळ जीवघेणा ठरतो. पशुवैद्यांनी येऊन दाणा एक चतुर्थांशावर आणला, कडबा आणि गवत मात्र भरपूर ठेवले आणि दोन वेळा हाताने फिरविण्यास सांगितले. सुका चारा वजनाच्या साधारण दोन टक्के, पाणी सदैव पुढ्यात, आणि चालणे, एवढ्यावर काम नसलेला घोडा सुखाने राहतो. नालबंदाला मात्र सुट्टी देता येत नाही. घोड्यावर कोणी बसो वा न बसो, खूर वाढतच असते आणि सहा ते आठ आठवड्यांनी ते तासावेच लागते.

त्या रात्री अण्णांनी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय मागवून घेतला. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यांना पाठ होते, पण ते आजवर सदैव दुसऱ्यांसाठी, म्हणजे जास्त ओझे लादणाऱ्या गाडीवानासाठी आणि चाबूक ओढणाऱ्यासाठी, वाचले गेले होते. आता पहिलाच शब्द त्यांना अडवून गेला: बंध, म्हणजे जिवाला बांधून ठेवणे. पंधरा दिवस आगाडी-पिछाडीला जखडून ठेवलेली घोडी कोणाची? अन्न-पाणी रोखणे हा अतिचार आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते. अविचाराने भरविल्यानेही त्याच जिवाला पीडा होते, हे त्या पंधरवड्यात दिसले. आणि भाराचे काय? इतकी वर्षे आपला 80 किलोंचा देह तिने वाहिला, तो तिच्या इच्छेने का, हा प्रश्नही त्यांनी स्वतःला टाळू दिला नाही. त्याचे उत्तर त्यांना सापडले असे नाही. घोडेस्वारी आणि अहिंसा यांचा मेळ कसा बसतो, यावर आपल्या समाजात मतभेद आहेत आणि ते राहणारच. दुसऱ्या दिवसापासून अण्णा चौकशी करू लागले, ती मात्र निराळी. “रपेट कधी?” हा प्रश्न मागे पडला, “आज किती फिरली? लीद कशी पडली? खूर पाहिलं का?” असे विचारणे सुरू झाले.

सहा आठवडे झाल्यावर वॉकर घेऊन ते प्रथम तबेल्याकडे गेले. अशा भेटीचे वर्णन करताना जनावराच्या डोळ्यांत पाणी आणण्याची पद्धत आहे. येथे तसे काही घडले नाही. बिजलीने ॲल्युमिनियमचा वॉकर पाहून कान मागे टाकले, फुरफुरली आणि चार पावले मागे सरली. मोतद्दारमामांनी अण्णांना कुंपणाच्या आत येऊ दिले नाही, आणि ते योग्यच होते. नुकता सांधा बदललेल्या माणसाने घोड्याच्या पायांजवळ जाणे हे खोगिरावर बसण्याइतकेच घातक. नुसता खांद्याचा धक्काही पुरे. मग कुंपणाबाहेर एक उंच खुर्ची मांडण्यात आली. वॉकर जाऊन काठी आली, तिसरा महिना सरला, तेव्हा घोडी कुंपणावरून मान बाहेर काढू लागली आणि अण्णा तिथेच बसून मानेला खरारा करू लागले. पाठीपर्यंत हात पोहोचत नसे. सामायिकाची खुर्चीही त्यांनी पुढे तिथेच नेली. टापांच्या आवाजाने मन विचलित होण्यापेक्षा तो आवाज समोरच असलेला बरा, असा त्यांचा हिशेब होता.

दुसरा हिशेब मुलाने मांडला. शेतातली वैरण आणि मामांचा पगार सोडून घोडीवर महिन्याला सुमारे 12,000 रुपये जातात. बसणारा कोणी नाही. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथूनच ती आणली होती, तिथेच द्यावी. आकडे खरे होते. अण्णांनी वाद घातला नाही, फक्त विचारले, “घेणार कोण?” चौदा वर्षांची घोडी शर्यतीला कोणी घेत नाही. उरते ती वरातीची घोडी म्हणून. डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांच्या माळांत, डांबरी रस्त्यावर उभी. मुलाने त्या दिवशी उत्तर दिले नाही, पण विचारही सोडला नाही. नातू-नातवंडांतली सात वर्षांची मुलगी तेव्हा पाठशाळेत तीर्थंकरांची लांछने पाठ करीत होती: बैल, हत्ती, घोडा. “संभवनाथांचा घोडा आपण विकायचा का?” असे तिने विचारल्यावर मात्र घरात हशा पिकला.

प्रश्नाला वळण दिले ते पावसाने. शिरोळ तालुक्याला कृष्णा-पंचगंगेचा पूर नवा नाही. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षांचे पाणी येथे कोणी विसरलेले नाही. 2019 मध्ये अण्णांनीच बिजलीला लगाम धरून पाण्यातून उंचावरच्या माळावर नेले होते. आता तसा प्रसंग आला तर? मामांचे वय सत्तरीकडे, मुलाला घोड्याचे भय, आणि अण्णांच्या हातात काठी. तेव्हा सूनबाई पुढे झाल्या. घोड्याच्या खांद्याशी कसे चालावे, दोर हाताला कधीही गुंडाळू नये, तो बिचकला तर ओढाओढ न करता मोकळा दोर कसा द्यावा, हे त्या खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांकडून शिकल्या. आषाढात रोज सकाळी त्यांची एक फेरी होऊ लागली. श्रावणात नदी पात्राबाहेर पडली, गावात आली नाही. तरी त्यांनी एकदा सराव म्हणून घोडीला माळापर्यंत नेऊन परत आणले. त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा दोन भाकरी जेवले, असे सासूबाई सांगतात.

याच काळात मुलाने मोबाईलवर एक हकिकत वाचून दाखविली. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये गरोदरपणात पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे निकामी झाले. तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जेव्हा ड्रेसाज या अश्वक्रीडेत स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी ज्युबिली या घोडीवर रौप्यपदक मिळविले आणि चार वर्षांनी पुन्हा एकदा. अशा कथा रुग्णाला उभारी देण्यासाठी सांगतात, पण त्यातला अर्धाच भाग सांगतात. हार्टेल यांना घोड्यावर चढविण्यास आणि उतरविण्यास माणसे लागत. विजयमंचावर चढतानाही सुवर्णपदक मिळविणाऱ्या स्वीडनच्या आंरी सेंट सिर यांनी त्यांना हात दिला. अण्णांना पदकापेक्षा ही मदतीची बाब अधिक भावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावून तबेल्याजवळ तीन पायऱ्यांचा रुंद ओटा बांधून घेतला.

दशलक्षण पर्वानंतर सहा महिन्यांचा एक्स-रे झाला. सांधा व्यवस्थित बसला होता, परंतु मांडीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंत पुरेसे बळ नव्हते. आणखी दोन महिने व्यायाम सांगितला गेला. उभ्याने पाय बाजूला उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे, पायरी चढणे-उतरणे. या व्यायामांसाठी ओटाच उपयोगी पडला. कार्तिक सरता सरता अटी घालून परवानगी मिळाली: शांत जनावर, ओट्यावरूनच चढणे-उतरणे, केवळ चाल, दुडकी नाही, दौड नाही, आणि सोबत माणूस.

पहिल्या दिवशी मामांनी दोर धरला, सूनबाई उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. अण्णा ओट्यावरून खोगिरावर बसले, अंगणाला दोन फेऱ्या मारल्या आणि उतरले. एकूण दहा मिनिटे. दुसऱ्या दिवशी मांडी इतकी दुखली की काठी पुन्हा हातात घ्यावी लागली, आणि तीन दिवस ओट्याकडे कोणी फिरकले नाही. आठवड्यातून दोनदा बसायचे, असे आता ठरले आहे. उरलेल्या दिवशी सूनबाईच घोडीला बांधाबांधाने फिरवून आणतात.

सारंगखेड्याच्या यात्रेला मुलगा गेला होता. तिथून त्याने गळ्यातली घुंगुरमाळ आणि नवा खरारा आणला. लांब दांड्याचा, खुर्चीवर बसूनही पाठीपर्यंत पोहोचेल असा.